"माझा मेल अडवायचा नाही!" मग नुकसान भरायचं कुणी?

पोस्ट मोठी आहे. तुमच्या ऑफिसात कंपनीच्या नावाचा ईमेल वापरत असाल तर कृपया शेवटपर्यंत वाचा. मालक असाल तर नक्की वाचा. अकाउंट्सला असाल तर वाचून मालकाला पाठवा.

गेल्या आठवड्यात वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत एक ताई भेटल्या. आम्ही एका ऑफिसात चार वर्षं एकत्र काम केलं. त्या अकाउंट्सला होत्या आणि मी कंत्राटावर सर्व्हर सांभाळायचो. आता त्या दुसरीकडे नोकरी करतात, पगार आधीपेक्षा कमी. हसून बोलल्या, घरच्यांची चौकशी केली. रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "दादा, अजून पेमेंटचा मेल उघडताना पोटात गोळा येतो हो."

रिक्षा गेली. मी तिथेच उभा राहिलो. कारण त्या ज्या मेलमुळे नोकरीवरून गेल्या, तो मेल त्यांच्यापर्यंत पोचायलाच नको होता. आणि तो का पोचला हे मला माहीत आहे.

गोष्ट करोनानंतर ऑफिसं पुन्हा भरायला लागली तेव्हाची. कंपनी वांद्रे पूर्वेची, साठ-एक माणसं, आयात-निर्यातीचा धंदा. नाव सांगत नाही, आणि तुम्हीही अंदाज लावत बसू नका, कारण अशा कंपन्या खेरवाडीपासून कुर्ल्यापर्यंत गल्लीगल्लीत आहेत. मेल सर्व्हर कंपनीचा स्वतःचा, भाड्याने घेतलेल्या मशीनवर. मला सांगितलं होतं, "स्पॅम फार येतंय, फिल्टर लाव."

लावला. त्यात काय काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं भांडण कळायला ते लागेल.

ईमेलची मूळ रचना पोस्टकार्डासारखी आहे. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, टपालपेटी काही विचारत नाही. ही भानगड आवरायला तीन गोष्टी आल्या. पहिली एसपीएफ: आमच्या कंपनीच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणकोणत्या सर्व्हरना आहे, ही यादी आपण जाहीर लावतो. दुसरी डीकेआयएम: आपला सर्व्हर प्रत्येक मेलवर सही करतो, समोरचा ती तपासतो. तिसरी डीमार्क: परवानगीही नाही आणि सहीही जुळत नाही, असा आमच्या नावाचा मेल आला तर काय करायचं ते आपण जगाला सांगतो. त्याचे तीन पर्याय आहेत. काही करू नका फक्त कळवा, बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परत पाठवा.

या तिन्ही गोष्टी फुकट आहेत. डोमेनच्या नोंदीत काही ओळी लिहायच्या आणि सर्व्हरवर सहीची व्यवस्था करायची. त्यावर स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडीसारखं सॉफ्टवेअर मेलला गुण देतं. तेही फुकट. स्पॅमअसॅसिनमध्ये साधारण पाच गुण झाले की मेल स्पॅम ठरतो.

मी शहाण्या माणसासारखं आधी "फक्त कळवा" वर ठेवलं आणि सहा आठवडे अहवाल वाचले. त्यात दोन गोष्टी दिसल्या.

एक, आमच्या कंपनीच्या नावाने भलत्याच सर्व्हरवरून हजारो मेल जात होते. चोर असेल म्हणून दचकलो. चौकशी केली तर आमचंच मार्केटिंग! त्यांनी कुणाकडून तरी पत्त्यांचा "डेटाबेस" विकत घेतला होता आणि एक स्वस्तातला माणूस धरून त्याच्याकडून ऑफरचे मेल पाठवत होते. त्या माणसाला सही कशी लावायची ते येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

दोन, खुद्द शेठचे मेल स्पॅमात पडत होते. त्यांच्या फोनवर कंपनीचा पत्ता होता, पण मेल बाहेर जात होता दुसऱ्याच कुठल्या तरी सर्व्हरमधून. घरातल्या कुणीतरी तसं करून दिलेलं. पाच मिनिटं फोन हातात मिळाला असता तर सेटिंग बदलून विषय संपला असता.

शेठने पाच मिनिटं दिली नाहीत. केबिनमधून आवाज आला, "माझा मेल अडवायचा नाही. कुठेच नाही. काय करायचं ते कर." मार्केटिंगबद्दल विचारलं तर, "असू दे रे, धंदा थांबायला नको."

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. डीमार्क "फक्त कळवा" वरच राहू दिलं. आणि शेठचा पत्ता व्हाइटलिस्टमध्ये टाकला. एक ओळ. स्पॅमअसॅसिनमध्ये त्या ओळीने मेलला उणे शंभर गुण मिळतात. म्हणजे मेल कितीही संशयास्पद असो, तो आत येणार. त्यातली मेख अशी की ती ओळ फक्त "कडून" या जागी लिहिलेलं नाव बघते. ते नाव कुणीही लिहू शकतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये सही किंवा परवानगी तपासून मगच सूट देणारी वेगळी ओळ आहे. पण शेठचा फोन त्या तपासणीत पास झालाच नसता, म्हणून मी सोपी ओळ टाकली. कुणाच्या सांगण्यावरून टाकली हे कुठे लिहून ठेवलं नाही. ती चूक माझी, ती मी नाकारत नाही.

पुढे पाच-सहा महिन्यांनी एका शुक्रवारी संध्याकाळी ताईंना शेठच्या पत्त्यावरून मेल आला. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, सोबत जोडलेल्या बिलाचं पेमेंट आजच गेलं पाहिजे, पार्टी जुनी आहे पण खातं बदललंय. भाषा शेठसारखीच, तुटक. ताईंनी विचारायचं कुणाला? शेठ शुक्रवारी संध्याकाळी फोन उचलत नाहीत हे सगळ्या ऑफिसला माहीत. आणि मागे एकदा ताईंनी खात्री करायला फोन केला होता, तेव्हा सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं, "मेल केलाय ना? वाचता येत नाही का?"

साडेनऊ लाख गेले. सोमवारी कळलं. तक्रार झाली, थोडी रक्कम कुठेतरी गोठली, बाकीचे पैसे चार खात्यांतून पार झाले.

मग मीटिंग बसली. दोष ताईंचा ठरला. "डोळे उघडे ठेवून काम करायला नको?" पगारातून हप्ते कापायची भाषा झाली. ताईंनी दोन महिन्यांत राजीनामा दिला. शेठचा फोन तसाच राहिला. मार्केटिंगचा माणूस तसाच राहिला. मला मात्र सांगितलं, "अजून चांगला फिल्टर घे."

मंडळी, माझा राग इथे आहे. दार उघडं ठेवलं दोघांनी, एकाने फोनसाठी आणि एकाने स्वस्त जाहिरातीसाठी. चोर आत आला आणि नोकरी गेली तिसऱ्याच बाईची. आपल्या बहुतेक ऑफिसांत स्पॅम फिल्टर हे "आयटीच्या पोराचं काम" समजलं जातं. माझं म्हणणं आहे की तो मालकाचा निर्णय असतो. कोणाला तपासणीतून सूट, किती धोका पत्करायचा, चूक झाली तर कुणी भोगायचं, हे सगळं त्यात ठरत असतं. आणि जो ठरवतो त्याने भरलं पाहिजे.

"आमच्याकडे असं होणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच मुंबईतली दोन उदाहरणं. दोन्ही वर्तमानपत्रांत आली आहेत.

२०१५ साली ओएनजीसीचं प्रकरण झालं. कंपनी केवढी मोठी ते सांगायला नको, बीकेसीत त्यांचं ऑफिस आहे. हजीराहून नाफ्था सौदीच्या अरामकोला विकला होता. भामट्यांनी ओएनजीसीच्या अधिकाऱ्याच्या पत्त्यासारखाच पत्ता बनवला, फक्त दोन अक्षरांची अदलाबदल: "ओएनजीसी"च्या जागी "ओजीएनसी". त्या पत्त्यावरून अरामकोला कळवलं की पैसे या दुसऱ्या खात्यात भरा. सुमारे १९७ कोटींचा फटका. गुन्हा नोंदला गेला तो बीकेसीतल्या सायबर पोलीस ठाण्यातच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अक्षरांची अदलाबदल केलेलं डोमेन हे वेगळंच डोमेन असतं. चोर त्याला स्वतःचं एसपीएफ, स्वतःची सही लावू शकतो. सगळ्या तपासण्यांत तो पास होईल, कारण तो खोटं नाव लिहीत नाही, मिळतंजुळतं नाव लिहितो. तिथे डीमार्क कामाचं नाही. तिथे फिल्टरला वेगळं शिकवावं लागतं: आपल्या आणि आपल्या पार्ट्यांच्या नावाशी जवळपास जुळणारं डोमेन, काल-परवा नोंदवलेलं डोमेन, यांवर लाल पट्टी लाव. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन.

जुन्या नंबरवर हे मुद्दाम म्हणतोय. २०१८ च्या नोव्हेंबरात टेक्निमाँट या इटालियन कंपनीच्या मुंबईतल्या शाखेकडून सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यांत गेले. मेल आला होता जणू ग्रुपच्या सर्वोच्च साहेबांकडून: चीनमध्ये एक कंपनी गुपचूप विकत घ्यायची आहे, कुठे बोलू नका. तिथे फोनही झाले! चोरांनीच कॉन्फरन्स कॉल घडवून आणले, कुणी साहेब झाला, कुणी वकील. आठवड्याभरात तीन हप्त्यांत पैसे गेले. म्हणजे मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री झाली असं समजू नका.

दोन्हींमधलं साम्य बघा. दोन्हीकडे आधार घेतला तो साहेबाच्या किंवा जुन्या पार्टीच्या शब्दाला प्रश्न न विचारण्याच्या सवयीचा. वरून आलेला हुकूम, गुप्तता, घाई. ही सवय कोण लावतं? सर्व्हर तर लावत नाही.

आता दुसरी बाजू, कारण फक्त मालकांना झोडपून भागणार नाही. आमच्या धंद्यातले लोकही कमी नाहीत.

लिंकिंग रोडजवळच्या एका ऑफिसात मला बोलावलं होतं. दीड दिवस एकही मेल आत येत नव्हता. कुणीतरी "अँटीस्पॅम" म्हणून पैसे घेऊन गेला होता. त्याने काय केलं होतं? स्पॅमहाउसची काळी यादी जोडली होती. यादी चांगली आहे, जगभर वापरतात. पण ती फुकटात विचारायची असेल तर आपल्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरमधून विचारावी लागते. गुगलच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर तिकडून "असं विचारू नका" अशा अर्थाचा एक कोड परत येतो. या पठ्ठ्याच्या सेटिंगने त्या कोडलाही "हा स्पॅमर आहे" असं समजून घेतलं. मग काय, ग्राहक, बँक, सीए, सगळेच स्पॅमर! शेवटी मालकाने वैतागून सगळा फिल्टरच काढायला लावला. आता तिथे काहीही आत येतं.

ही दोन टोकं मी अठरा वर्षं बघतोय. एक तर दार सताड उघडं, नाही तर भिंतच बांधलेली. मधलं काम, म्हणजे रोज थोडं बघणं, चुकलेलं दुरुस्त करणं, ते कुणालाच करायचं नाही. कारण त्याचं बिल दाखवता येत नाही.

आणि चुकून अडलेल्या मेलची किंमतही कमी नसते. आयकराच्या, जीएसटीच्या नोटिसा ईमेलवर पाठवता येतात, कायद्यात तशी तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं १३ वं कलम सांगतं की तुम्ही ठरवून दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरला की तो पोचला. तो तुमच्या स्पॅमच्या फोल्डरात महिनाभर पडून राहिला, ही तुमची अडचण. "साहेब, स्पॅममध्ये गेला होता" या सबबीवर तारीख वाढवून मिळेलच असं नाही. एकाच्या टेंडरचा खुलासा मागवणारा मेल असाच पडून राहिलेला मी पाहिलाय. टेंडर गेलं, आणि शिव्या कुणाला? मेल बघणाऱ्या मुलीला. तिला स्पॅमचं फोल्डर रोज बघायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून एक नियम पाळा. नको असलेला मेल दारातच नाकारा, कारण सांगून नाकारा. पाठवणारा खरा असेल तर त्याच्याकडे मेल न पोचल्याचा निरोप जातो, तो फोन करतो. आत घेऊन गुपचूप कचऱ्यात टाकणं हे सगळ्यात वाईट. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला माहीत नाही आला होता. आणि एकदा आत घेतल्यावर मग परत पाठवायला जाऊ नका. "कडून"चा पत्ता खोटा असला तर तुमचा परत पाठवलेला मेल तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर जाऊन पडतो.

मला नेहमी दोन उत्तरं ऐकवली जातात. त्यांचंही बघू.

"आम्ही गुगलचा, मायक्रोसॉफ्टचा पैसे भरून मेल घेतलाय, ते बघतात." बघतात, बरंच बघतात. पण तुमच्या डोमेनची डीमार्कची नोंद ते तुमच्यासाठी लिहीत नाहीत. तुम्ही घातलेल्या व्हाइटलिस्टला ते बऱ्याचदा मान देतात. आणि तुमच्या पार्टीचाच खरा मेलबॉक्स कुणी फोडला, तिथूनच खातं बदलल्याचा मेल आला, तर सही खरी, सर्व्हर खरा, पत्ता खरा. कुठल्याही कंपनीचा फिल्टर तो ओळखेलच याची खात्री नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत गुगल आणि याहूने नियम कडक केले: दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचे. त्या महिन्यात मला जेवढे फोन आले तेवढे आधीच्या वर्षभरात आले नव्हते. "आमचे मेल का परत येतायत?" अरे, दहा वर्षं सांगतोय त्याचं काय केलंत?

"कर्मचाऱ्यांनीच सावध राहायला हवं." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. सावध राहायला हवंच. पण दिवसाला दीड-दोनशे मेल बघणाऱ्या माणसाने एकही चूक करायची नाही, आणि साहेबाने मात्र फोनचं सेटिंग बदलायला पाच मिनिटं द्यायची नाहीत, हा कुठला न्याय? २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणीसुद्धा अदर पूनावाला असल्याचं भासवून व्हॉट्सॲपवर निरोप आला आणि कोटभर रुपये गेले. तिथली माणसं काय बेसावध, अडाणी होती? वरिष्ठाच्या नावाला नाही म्हणणं नोकरदाराला जड जातं. चोर ते ओळखून असतो. मालकाने ओळखायला नको?

आणि स्पॅम पाठवणारे कोण आहेत तेही मान्य करू या. पहिला गाजलेला स्पॅम ३ मे १९७८ चा मानतात. अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसाने त्या वेळच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना आपल्या मशीनची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. म्हणजे सुरुवातीपासून हे विक्रीवाल्यांचं काम आहे. आज वांद्र्यात, अंधेरीत, मालाडला किती ऑफिसं "डेटाबेस" विकत घेतात? सकाळी स्पॅम येतो म्हणून आयटीवाल्याला झापायचं, आणि दुपारी स्वतः वीस हजार लोकांना न विचारता मेल मारायचा! मग त्याच सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि बँकेला पाठवलेलं महत्त्वाचं पत्रही पोचत नाही. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर तर शेजाऱ्याने केलेल्या उद्योगाचीही शिक्षा तुम्हाला.

थोडं सरकारबद्दल. आपल्याकडे नकोसे फोन आणि एसएमएस यांवर ट्रायचे नियम आहेत, १९०९ आहे. ते किती चालतं हा वेगळा विषय, पण नियम तरी आहेत. ईमेलच्या स्पॅमवर नेमका कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ए कलम होतं. त्यातल्या एका पोटकलमात त्रास द्यायला किंवा मेल कुठून आला याबद्दल फसवायला पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. त्याच ६६ए खाली २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, देशभर गदारोळ झाला, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. योग्यच केलं. इतकं मोघम कलम कुणाच्याही मानेवर ठेवता येत होतं. पण त्यासोबत मेलच्या उगमाबद्दल फसवण्याची जी एक ओळ होती, तीही गेली, आणि तिच्या जागी नेमकी, आखीव तरतूद कुणी आणली नाही. फसवणूक झाली तर ६६सी, ६६डी आहेत. पण ते पैसे गेल्यावर. अमेरिकेने २००३ मध्येच स्पॅमचा कायदा केला: खोटा उगम दाखवायचा नाही, नको म्हणायची सोय द्यायची, आणि नको म्हटल्यावर थांबायचं. तो कायदा फार कडक आहे असं नाही. पण आपल्याकडे तेवढंही नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. डेटाबेस विकणाऱ्यांना त्याचा चाप बसेल अशी आशा ठेवू. आशा म्हणतोय, खात्री नाही.

रिझर्व्ह बँकेने एक बरं केलं. बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या खास डोमेनवर जायला सांगितलं, जे फक्त बँकांनाच मिळतं. फिल्टर लावणाऱ्यांना याचा उपयोग आहे. बँकेच्या नावाने आलेला पण भलत्याच डोमेनचा मेल असेल तर त्याला जादा गुण लावा.

आता मागण्या. मालकांकडे, सोसायट्यांच्या कमिट्यांकडे, संस्थाचालकांकडे. यातली एकही महाग नाही.

१. फिल्टरमधून सूट हवी असेल तर लेखी द्या. कुणाला, का, कुणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत. तारीख संपली की सूट संपली. मालकालाही हाच नियम. आणि सूट नावावर नको, सहीवर द्या.

२. डीमार्क "फक्त कळवा" वर सुरू करा, पण तिथेच झोपू नका. अहवाल वाचा, आपलेच कुणी चुकीच्या मार्गाने पाठवत असतील तर त्यांना ओळीत आणा, आणि सहा महिन्यांत "परत पाठवा" वर या. मार्केटिंगच्या माणसाला सही लावता येत नसेल तर माणूस बदला.

३. अडवलेल्या मेलची यादी रोज सकाळी कोण बघणार त्याचं नाव भिंतीवर लावा. तो रजेवर असेल तर दुसरं नाव. हे काम त्याच्या कामाच्या वेळेत धरा, "जमलं तर बघ" असं नको.

४. बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलवर "बाहेरचा मेल" अशी पट्टी लावा. शेठचं नाव आणि वर ही पट्टी असं दिसलं की ताईंसारखी बाई थांबली असती.

५. बँक खातं बदललं की जुन्या, आपल्या वहीतल्या नंबरवर फोन आणि दोघांच्या सह्या. मीटिंगमध्ये आहे, प्लेनमध्ये आहे, काही चालणार नाही. खात्री करायला फोन करणाऱ्याला ओरडायचं नाही. उलट त्याला चहा पाजा.

६. पद्धत पाळूनही फसवणूक झाली तर कर्मचाऱ्याच्या पगाराला हात लावायचा नाही. नुकसानीपोटी पगार कापायला कायद्यातही मर्यादा आहेत, आधी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ताईंना ती कुणी दिली?

७. पैसे गेले तर सोमवारची वाट बघू नका. त्याच क्षणी १९३० लावा, बँकेला कळवा, मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत तिथे जा. आणि सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटना सहा तासांत कळवायच्या असतात, सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. आमच्या त्या सर्व्हरवर चार आठवड्यांच्याच होत्या. पोलिसांनी मागितल्यावर माझी मान खाली.

माझ्यासारख्या सर्व्हरवाल्यांनाही एक सांगणं. "शेठने सांगितलं म्हणून" हे कारण नंतर कुणी ऐकत नाही. चुकीचं काम करायला सांगितलं तर दोन ओळींचा मेल टाका: आपण असं असं सांगितलंत, त्यात हा धोका आहे, तरी करायचं का? बहुतेक वेळा एवढ्यानेच समोरचा विचार करतो. नाही केला तर निदान उद्या चुकीच्या माणसाची मान सापडणार नाही. मी तेव्हा त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या मीटिंगमध्ये ताईंच्या बाजूने ठेवायला एक कागद असता. मी गप्प बसलो होतो. माझंही कंत्राट होतं, घराचे हप्ते होते.

ताईंना विचारून ही पोस्ट लिहितोय. त्या म्हणाल्या, "माझं नाव नको, पण लिहा. अजून कुणाचं असं होऊ नये."

उद्या ऑफिसात गेलात की एकच काम करा. सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा, आपल्या व्हाइटलिस्टमध्ये कोण कोण आहे आणि ते कुणी टाकलं? उत्तर मिळालं नाही, किंवा यादीत पहिलं नाव साहेबांचंच निघालं, तर ही पोस्ट साहेबांना पाठवा.

तेही जमत नसेल तर मला सांगा. मी पाठवतो. माझं कंत्राट आता तिथे नाही.